साधी वायर, सिद्ध वायर

गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध वायरबाबा फळीवर बॅटरी आणि एक छोटासा दिवा मांडून बसले होते.

"ही बाजारातली साधी वायर!" त्यांनी ती जोडली आणि दिव्याखाली तांब्याची पट्टी सरकवली. "पट्टी अशुद्धी खेचून घेते." दिवा लागलाच नाही; वायरीतून मात्र भसकन धूर निघाला. "आणि ही एकवीस लाख जपाने सिद्ध केलेली!" पट्टी काढून त्यांनी जाड लाल वायर जोडली. दिवा लख्ख, वायर थंडगार.

लोकांनी हात जोडले. मीही जोडले, देवाचं नाव कानी पडलं की माझे हात आपोआप जुळतात. पण हा माणूस नाव देवाचं घेत होता आणि डोळा वहिनीच्या पर्सवर ठेवत होता. मला ते काही खरं वाटेना.

दादाच्या माघारी वहिनीने त्याची जुनी व्हॅन सांगाड्यापर्यंत उघडून पुन्हा उभी केली होती. उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग तेवढं बदलायचं राहिलं होतं. सोमवारपासून त्याच व्हॅनमधून बारा मुलं शाळेत जाणार होती.

"घेऊन टाकू का हो भावजी? मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच जरा थांबा, वहिनी."

तेवढ्यात इस्त्रीवाली मावशी पुढे सरसावली. दुकानातल्या इस्त्र्यांच्या वायरी ती स्वतःच बदलते. "बाबा, पट्टी साध्या वायरीलाच का? एकदा तुमच्या सिद्ध वायरीलाही लावा की!"

"माते, कोप होईल!"

"होऊ दे. माझ्या इस्त्रीपेक्षा काय तापणार आहे तो?"

हशा पिकला. मावशीने साध्या वायरीचा नवा तुकडा पट्टीशिवाय जोडला. दिवा लख्ख! मग सिद्ध वायर जोडून खाली पट्टी सरकवली. दिवा गेला, लाल आवरण वितळलं, जळका वास सगळीकडे पसरला.

"अगं बाई! हे कसं झालं?" वहिनी म्हणाली.

"पट्टी दिव्याच्या दोन्ही स्क्रूंना टेकते. वीज दिव्यातून न जाता पट्टीतून सरळ पळते. शॉर्ट! मग कुठलीही वायर जळेल." मावशीने लाल वायर कापून दाखवली. प्लास्टिक बोटभर जाड, आत केसासारख्या चार तारा. "एवढ्याशा दिव्याचा भार ही वायर ओढेल. हेडलाइट, हॉर्न, पंखा एकदम लावलेस, तर मुलांच्या पायाखाली धुमसत राहील."

बाबा लगबगीने सामान आवरू लागले.

"बॅटरी ठेवा," गॅरेजवाला म्हणाला. "ती माझी आहे."

वहिनी त्याच्याकडे वळली. "कुठल्या दिव्याला किती करंट लागतो ते बघा आणि त्या मापाचं तांबं असलेली वायर द्या. वायरिंगच्या प्रत्येक फाट्याला फ्यूज हवा."

माझी देवावर श्रद्धा आहे आणि ती राहील. पण वायर घ्यायची ती भार बघून, आतलं तांबं बघून. कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच विचारा : दोन्हींची परीक्षा सारखीच घेतली का? बारा लेकरं त्या गाडीत बसणार असताना असं विचारायला लाज कसली?