खुनी बुरुजाची गोष्ट

मेस्तिया गाव सोडल्यापासून मुर्मानने गाडी चौथ्यांदा थांबवली, तेव्हा इतेरीचा संयम सुटला.

"आता कोण?"

"आत्या," मुर्मान इंजिन बंद करत म्हणाला. "न थांबता गेलो तर वर्षभर तोंड बघायची नाही माझं."

"मघाशी मामा झाला, त्याआधी साडू झाला. या रस्त्यावर तुझं एखादं वैऱ्याचं घर नाही का रे? तिथून तरी गाडी सरळ पुढे जाईल!"

मुर्मान गालात हसला आणि उतरला. त्याच्यामागून सहा पोलिश पाहुणे उतरले. मांस भरलेली गरमागरम कुबदारी त्यांच्यासमोर त्या दिवशी तिसऱ्यांदा आली, आणि तिसऱ्यांदाच ते बिचारे "वा, वा" म्हणाले. त्यांच्यातल्या झिग्मुंत नावाच्या म्हाताऱ्याने तर पट्टा सैल केला. इतेरी उभ्यानेच घड्याळ बघत राहिली. वरच्या गावातलं जुनं चर्च उजेडातच बघावं लागतं. आत वीज नाही.

इतेरी कुताईसीच्या शाळेत इतिहास शिकवायची. पगारात भागेना म्हणून शाळा सोडून गोचाच्या सहलींच्या कंपनीत वाटाड्याचं काम धरलं, त्याला नऊ वर्षं झाली. शाळेतली मुलं निदान घंटा झाल्यावर घरी जायची. पाहुणे झोपेपर्यंत प्रश्न विचारत.

चार वाजता एकदाचे ते गावात पोचले. चर्चला कुलूप. किल्ली नेहमीप्रमाणे मक्वालाकडे, आणि मक्वालाचं दार बंद. शेजारीण म्हणाली, ती गवत कापायला गेली. इतेरी चिखल तुडवत कुरणापर्यंत गेली, तर तिथले म्हणाले, आज आलीच नाही. परत येऊन तिने दार बडवलं.

"मक्वाला मावशी! आत आहात, माहीत आहे मला. धूर येतोय घरातून!"

दार उघडलं. सत्तरीची मक्वाला काळ्या रुमालात, पिठाचे हात घेऊन उभी होती.

"किल्ली नाही."

"हरवली?"

"हरवायला काय झालंय? आहे. तुला नाही."

"मावशी, सकाळपासून माझं डोकं उठलंय. आता तुम्ही तरी—"

"तुझं डोकं एका दिवसात उठलं. माझं सगळा उन्हाळा उठलंय." मक्वालाने एप्रनच्या खिशातून फोन काढला. "तिबिलिसीहून नातवाने पाठवलंय. वाच. मोठ्याने वाच."

फोटोत मक्वाला होती, हातात दुधाची बादली, मागे तिच्या घराला लागून असलेला दगडी बुरूज. कुणा परदेशी प्रवाशाने खाली इंग्रजीत लिहिलं होतं: खुन्यांची पणती, खुनी बुरुजासमोर. इतेरीने ते वाचलं, पण मोठ्याने नाही.

"परवा एक बाई सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरली," मक्वाला म्हणाली. "रक्ताचा डाग कुठे आहे म्हणून विचारते! नातू म्हणाला, आजी, यांना कुणीतरी सांगतंय, आपल्या माणसांनी सात पाहुणे जेवायला बोलावून कापले. कोण सांगतंय गं?"

इतेरीचा चेहरा तापला. सांगणारी तीच होती. रक्तवैराची ती हकीकत तिने एका जुन्या पुस्तकात वाचली होती, तीही दुसऱ्याच खोऱ्यातली. तिने ती या बुरुजाला चिकटवली, कारण हा रस्त्याजवळ होता आणि फोटो झकास यायचा. पहिल्याच खेपेला पाहुण्यांनी श्वास रोखला. मग गोचाने पत्रकात 'खुनी बुरूज' असं छापूनच टाकलं.

"मी," ती म्हणाली. "चुकलं माझं, मावशी."

"इतिहासाची मास्तरीण ना तू?" मक्वाला म्हणाली. ते शिवीपेक्षा लागलं. "बस. खरी गोष्ट ऐक. मग त्यांना सांग. माझ्यासमोर. नाहीतर किल्ली विसर."

ऊन आता बुरुजाच्या माथ्यापुरतंच उरलं होतं. पाहुणे आवारात ताटकळत होते. इतेरी ओट्यावर बसली.

मक्वालाची पणजी सालोमे. कुरणाच्या हद्दीवरून शेजाऱ्याने तिचा थोरला मुलगा मारला. उरलेल्या तिघांनी बंदुका काढल्या. सालोमे त्यांना म्हणाली, जायचं तर जा, पण आधी बुरुजातून धान्याची पोती काढून द्या. तिघे शिडीवरून बुरुजाच्या उंचावरच्या दारात चढले. तिने खालून शिडी ओढून घेतली आणि अंगणात आडवी टाकली. बावीस दिवस ती दोरीने भाकरी वर पाठवत होती. मुलं वरून शिव्या घालत होती, दगड मारत होती. एक तिच्या खांद्याला लागला. त्याच दिवसांत ती अनवाणी त्या शेजाऱ्याच्या दारात गेली, गावातले वडीलधारे जमवले, आणि दोन्ही घरांना चर्चमधल्या पवित्र तसबिरीसमोर शपथ घ्यायला लावली. मग शिडी लावली.

"दोघांनी तिचे हात चुंबले," मक्वाला म्हणाली. "धाकटा ती मरेपर्यंत तिच्याशी बोलला नाही. तो माझा आजोबा."

इतेरीने पाहुण्यांना बोलावलं. सकाळी गाडीत आपण सांगितलं ते खोटं होतं, हे आधी कबूल केलं. मग ती गोष्ट सांगू लागली. मक्वालाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती एकेकाचा चेहरा निरखत होती.

"थांब," ती मध्येच म्हणाली. "दगड लागल्याचं सांगितलंस का? ती मिशीवाल्याची बायको अजून थंड आहे."

"सांगतेय! येऊ द्या ना मला तिथपर्यंत!"

दगडापाशी आली तशी त्या बायकोने आपल्याच खांद्यावर हात ठेवला. मक्वालाने मान हलवली. शेवटी झिग्मुंतने विचारलं, "म्हणजे या बुरुजात कुणी मेलंच नाही?"

"काय म्हणतोय तो?"

इतेरीने सांगितलं.

"अरे, मग मघापासून दुसरं काय सांगतोय आम्ही!" मक्वाला कडाडली आणि किल्ली घेऊन ताडताड चालू लागली.

चर्चमध्ये जेमतेम दहा मिनिटं उजेड मिळाला. त्या तसबिरीसमोर झिग्मुंत टोपी काढून उभा राहिला आणि त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

रात्रीच्या मुक्कामावरून इतेरीने गोचाला फोन केला.

"पत्रक बदल," ती म्हणाली.

"वेड लागलंय का, बाई? लोकांना रक्त लागतं. त्या म्हातारीचा राग आठवड्यात उतरेल."

"मग दुसरी वाटाडी बघ."

त्याने खरंच बघितली. इतेरीला खाली सपाटीवरच्या द्राक्षमळ्यांत धाडलं. तिथे पाहुणे दुपारपासूनच डुलायचे, आणि तिला डोंगराची आठवण यायची. इकडे गोचाचे दोन गट चर्चचं बंद दार बघून परतले, तिसऱ्याने तक्रार लिहिली. सप्टेंबरात तो झक मारत स्वतः गाडी घेऊन वर गेला. मक्वालाने त्याला दोन तास गवत वाहायला लावलं आणि मगच बोलली: नाव 'सालोमेचा बुरूज' छापायचं, आणि पाहुण्यांबरोबर मास्तरीण पाठवायची, दुसरं कुणी नाही.

"तिनेच तर खोटं सांगितलं होतं!" गोचा म्हणाला.

"म्हणूनच," मक्वाला म्हणाली. "आता ती चुकायची नाही."