माडाच्या आळ्यातलं झाकण

प्रवाळात राहणारा बार्नाकल हा सोशिक प्राणी. लहानपणी जिवंत पोवळ्यावर चिकटतो, पोवळं त्याच्याभोवती वाढतं आणि तो जन्मभर त्यात गाडलेला राहतो. वर दिसतं ते एक भोक आणि त्यात झाकण. त्याची जात ओळखायला हे झाकण लागतंच. मेल्यावर ते गळून पडतं. त्यामुळे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत भिंती सापडतात, झाकणं क्वचितच. मग विद्वान भिंतींवरून नावं देतात आणि उरलेलं आयुष्य एकमेकांची नावं रद्द करण्यात घालवतात.

माझ्याकडे मात्र झाकणांसकट अकरा बार्नाकल होते, तीन वर्षं परवानग्यांमागे फिरून मिळवलेल्या एकाच पोवळ्यावर. जात नवी वाटत होती, तसा लेखही मी एका संशोधन नियतकालिकाला पाठवला होता. त्यांनी कळवलं होतं: सोमवारपर्यंत झाकणांचे फोटो पाठवा, नाहीतर लेख परत.

शुक्रवारी कॉलेजात तपासणी समिती आली. आमच्या प्राचार्यांचा संशोधनापेक्षा फिनेलवर विश्वास जास्त. प्रयोगशाळा चकाचक करायचं काम त्यांनी शिपाई महादूला दिलं. महादूच्या घरी तीन पिढ्यांच्या होड्या.

"मॅडम, बघा कसा चकचकीत केलंय! होडयेच्या बुडाक लागता तसलीच घाण होती. सुरयेन खरवडलंय."

अकरा रिकामी भोकं माझ्याकडे बघत होती. जे काम निसर्ग सावकाश करतो, ते महादूने चहाच्या आधी उरकलं होतं.

"खरवडलेलं कुठे टाकलंस?"

"टाकतलंय कशाक? चुनोच तो. मागच्या माडाक घातलंय."

समिती गच्चीवरून परिसर पाहत होती, तेव्हा मी आळ्यात उकिडवी बसून चहाच्या गाळणीने माती चाळत होते.

"आमच्याकडे बागकामसुद्धा प्राध्यापकच करतात," वरून प्राचार्यांचा आवाज आला. सदस्यांनी कौतुकाने नोंद घेतली.

महादू शेजारी येऊन बसला. बराच वेळ त्याने बोटांनी माती चिवडली.

"ह्या काय ओ? तांदळाची कणी?"

भिंगाखाली धरलं. अख्खं झाकण! सातव्या भोकात ते अचूक बसलं.

"एवढ्यासाठी रडत होतास तुमी? आदी सांगूचा नाय? बाकीची दहा ऱ्हवांदेत आता माडाक."

फोटो वेळेत गेले. महिन्याने उत्तर आलं: लेख स्वीकारला, फक्त नमुना नेमका कुठे मिळाला ते स्पष्ट करावं.

मी खरं तेच लिहिलं. भिंत: समुद्रात, आठ मीटर खोल. झाकण: कॉलेजमागचा माड.