घराघरात नळ

सगळा दोष गौराबाईचाच म्हणायला हवा. कर्जत स्टेशनामागची ती चाळ मालकानं पार वाऱ्यावर सोडलेली. जिने डुगडुगायचे, भिंतींचे पोपडे ताटात पडायचे. अठ्ठ्याहत्तर साली सरकारी साहेब दुरुस्तीसाठी पाहणीला आले, तेव्हा पदर खोचून पुढं झालं कोण? गौराबाई. "भाडं आमाला झेपंल असं ठेवा, नि नळ घराघरात द्या. खालच्या नळावर भांडून भांडून जलम गेला आमचा." साहेबांनी ऐकलं. असे साहेब क्वचितच भेटतात.

वर्षभरात चाळ नवी झाली. भाडंही आवाक्यात राहिलं. प्रत्येक घरात मोरी, मोरीत नळ. खालचा नळ उपटून तिथं फरशी बसवली. आणि मग काय, दारं लागली ती लागलीच. कोण कशाला बाहेर येतंय! ज्या धोंडूबाईशी गौराबाई वीस वर्षं हंड्यावरून भांडली, तीसुद्धा आठवडा आठवडा दिसेना. गौराबाईचा नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. नळावर चार शिव्या द्यायच्या, चार खायच्या, एवढंच तिचं माणसांशी बोलणं होतं. आता तेही नाही. घर तिला खायला उठायचं.

शेवटी तिनं मोरीतल्या नळाचा कॉक बंद केला, हंडा उचलला आणि शेजारी मालतीचं दार वाजवलं. मालती शाळेत शिकवायची, चाळीत नवीनच होती.

"आमच्या नळाला पाणी नाय गं."

हंडा भरेपर्यंत गप्पा झाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा हंडा, पुन्हा गप्पा. आठ दिवसांत मालतीच्या आमटीत काय कमी असतं तेही सांगून झालं. गौराबाई सकाळपासून संध्याकाळची वाट बघायला लागली.

मालतीला मात्र वाईट वाटत होतं. रविवारी ती नळ दुरुस्त करणाऱ्या कान्हाला घेऊनच आली. कान्हा मोरीत वाकला, कॉकला हात लावला आणि वळून गौराबाईकडे पाहिलं. तिची मान खाली गेली.

"कचरा अडाकला व्हता," म्हणत त्यानं कॉक फिरवला. पाणी धो धो आलं.

मालतीचा चेहरा खुलला. "झालं बाई एकदाचं! किती हेलपाटे घातलेत काकू, या वयात. आता यायला नको तुम्हाला माझ्याकडे."

"हां गं," गौराबाई म्हणाली. "आता कशाला येऊ मी."