पाठीमागून तापणारं मॉडेल

घरात कॉम्प्युटर हवाय कशाला, असं लोक विचारायचे, त्या काळापासून वहिनी कॉम्प्युटर बनवत होत्या. आधी रेडिओ दुरुस्त करायच्या. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक यंत्र जुळवलं, टीव्हीला जोडलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली, तेव्हा दूध कधी उतू गेलं ते कळलंच नाही. धाकट्या दिराने ते पाहिलं आणि चांगल्या नोकरीवर पाणी सोडलं. त्या बनवणार, हा विकणार. कारखाना उभा राहिला, आणि तिथे झाडून सगळे त्यांना वहिनीच म्हणू लागले.

नव्या मॉडेलची वाहवा चालू असतानाच एका गिऱ्हाइकाचा फोन आला. यंत्रातून जळका वास येत होता. वहिनींनी गोदामातलं एक यंत्र दिवसभर चालू ठेवलं आणि पाठीमागे हात लावला. चटका बसला. वीज पुरवणारा भाग भलताच तापत होता, आणि त्याचा आराखडा त्यांनी स्वतः काढलेला.

"सगळी परत बोलवायची," त्या म्हणाल्या.

दिराने कपाळाला हात लावला. "वहिनी, गाशा गुंडाळावा लागेल! तक्रार येईल त्यालाच गुपचूप बदलून देऊ."

"आणि कुणाचं घर पेटलं तर?"

संध्याकाळी पेपरात द्यायचा मजकूर दिरानेच लिहून आणला. सुरुवातच होती, 'चूक आमची आहे.'

ठरल्या दिवशी फाटकाबाहेर लांबच लांब रांग लागली. सगळ्यात पुढे एक आजीबाई, चादरीत गुंडाळलेलं यंत्र पोटाशी धरून. शेजारी त्यांचे यजमान. वहिनींनी हात पुढे केला तशा आजीबाई मागे सरकल्या.

"ठेवून घेणार असाल तर देणार नाही. ऑपरेशनमध्ये यांचा आवाज गेलाय. आम्ही ह्याच्यावर टाइप करून भांडतो. आठवडाभर भांडण नाही झालं तर घर खायला उठेल मला."

वहिनी आत वळून ओरडल्या, "टेबलं बाहेर काढा रे! आणि माझा स्क्रू-ड्रायव्हर!"

आजीबाईंच्या डोळ्यांदेखत त्यांनी झाकण उघडलं, जुना भाग काढून सुधारलेला नवा बसवला आणि यंत्र टीव्हीला जोडलं. आजोबांनी एका बोटाने टाइप केलं, 'झालं असेल तर निघूया. भूक लागली.'

"बघा, ह्यांचं हे असं!" आजीबाई म्हणाल्या, आणि अख्खी रांग हसली.

मग सगळ्यांनाच तसं समोर करून हवं होतं. कामगारांनी अंगणभर टेबलं मांडली. ऊन कलेपर्यंत हात चालू होते. काहींनी पैसे मागितले, काही वाटेल ते बोलले. पण बहुतेक जण आपापलं यंत्र काखोटीला मारून घरी गेले.

फाटक लावून दीर आला. "वहिनी, आपण वाचलो हो!"

भिंतीला टेकून, पाय पसरून, वहिनी गाढ झोपल्या होत्या.