दोलोनच्या घाटातला टायर

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी फार थकलो आहे. बोलता बोलता मध्येच दमलो तर सांभाळून घ्या. नारिन गावात शाइमबेक नावाच्या टॅक्सीवाल्याच्या अंगणात मी आडवा पडून असतो. माझ्या पोटात माती भरली आहे. उन्हाळ्यात शाइमबेकची बायको जिपार त्या मातीत झेंडू लावते. हिवाळ्यात कोंबड्या येऊन काठावर बसतात आणि त्यांना जे करायचं ते माझ्यावरच करतात. तक्रार कुणाकडे करणार?

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. रबर, काजळी आणि पोलादाच्या तारा तापलेल्या साच्यात दाबून मला घडवलं. मी हिवाळी टायर. आमचं रबर मऊ असतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही ते आखडत नाही, आणि अंगावरच्या बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. उन्हाळी टायर बिचारा थंडीत लाकडासारखा होतो. दोष त्याचा नाही, तो त्या कामासाठी जन्मलाच नाही.

माझी पहिली मालकीण एक म्हातारी शिक्षिका होती. पहिला बर्फ पडायच्या आधी ती मला गाडीला लावून घ्यायची आणि वसंतात काढून, धुऊन, अंधाऱ्या खोलीत ठेवायची. मी गाडीच्या कोणत्या बाजूचा, ते खडूने माझ्यावर लिहायची. हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलण्याआधी, कारण चालून गरम झालेल्या टायरची हवा खोटी जास्त दिसते. तिने कधी माझं कौतुक केलं नाही. काळजी मात्र घेतली, आणि कौतुकापेक्षा ती बरी, हे मला पुढे कळलं.

मग माझ्या चिरा झिजल्या. त्या देशात मी म्हातारा ठरलो. एका मोठ्या लोखंडी पेटीत शेकडो टायरांबरोबर मला कोंबलं आणि इकडच्या मोठ्या शहरात, बिश्केकच्या बाजारात उतरवलं. तिथल्या विक्रेत्याने अंगाला काळं पॉलिश फासून मला पुन्हा तरुण केलं. शाइमबेकने आम्हा तिघांना एकदम घेतलं. दोघांना पुढच्या चाकांवर चढवलं आणि तिसऱ्याला स्टेपनी म्हणून डिकीत टाकलं. मागची दोन चाकं उन्हाळीच राहिली.

"मागची चाकं कुठे जातात? पुढच्यांच्या मागेच येणार ना," असं तो सगळ्यांना सांगायचा.

बर्फावर आम्ही पुढचे दोघं घट्ट पाय रोवायचो आणि मागचे दोघं लग्नात आल्यासारखे नाचायचे. गाडी गर्रकन फिरली की शाइमबेक हसायचा. प्रवासी हसायचे नाहीत.

शाइमबेक मनाने वाईट नाही, मित्रांनो. रस्त्यात कुणाची गाडी अडली तर हा हमखास थांबतो. पण स्वतःच्या गाडीच्या बाबतीत "होईल की" हा त्याचा मंत्र. त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत शेजारी गोठा बांधत होते आणि तिथला एक खिळा माझ्या अंगात घुसला. शाइमबेकने वाकून पाहिलं.

"काढला तर हवा जाईल," तो जिपारला म्हणाला. "राहू दे. बूच आहे असं समज."

"तुमच्या डोक्यालाही तसलंच एखादं बूच बसवलेलं दिसतंय," जिपार म्हणाली आणि दूध काढायला निघून गेली.

खिळ्याच्या बाजूने हवा हळूहळू झिरपत राहिली. थंडी वाढली तशी आतली हवा आक्रसली आणि मी आणखी मऊ पडलो. हवा मोजायचं यंत्र शाइमबेककडे नव्हतं. तो मला बुटाची लाथ मारायचा. बूट उडून परत आला की म्हणायचा, "दगड आहे दगड!" अर्ध्या हवेचा टायरही बुटाला कडकच लागतो, हे त्याला कुणी सांगावं? मला तर तोंडच नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी निरोप आला. दोलोन घाटापलीकडे, कोचकोरजवळच्या गावात, कुलुइपा वारली.

कुलुइपा ही शाइमबेकच्या आईची, बुरुल-आपाची, थोरली बहीण; आमच्याकडे आईला आणि थोरल्या बाईला आपा म्हणतात. बुरुल-आपा तान्ही असतानाच त्यांची आई गेली होती. कुलुइपाने या धाकटीला पाठीला बांधून वाढवलं, स्वतःच्या ताटातलं भरवलं, लग्न लावून दिलं. आता ती अंगणातल्या लोकरीच्या नमद्याच्या तंबूत शेवटची निजली होती. बायका तिच्या उशाशी बसून रडगाणी म्हणत असतील. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर पुरुष तिला घेऊन जाणार होते. बायका कबरस्तानात जात नाहीत. तेव्हा तोंड पाहायचं तर ते तंबूतच, दुपारच्या आत.

"मला बाकी काही नको," बुरुल-आपा म्हणाली. "तिचं तोंड एकदा बघू दे. तिच्या उशाशी बसून दोन ओळी म्हणू दे. बस."

पहाटे शाइमबेकने डिकी उघडली. स्टेपनी काढून भिंतीला टेकवली. तिच्याखालचा जॅकही काढून ठेवला. मग गोठ्यातून एक लठ्ठ मेंढा ओढत आणला.

"हे काय चाललंय?" जिपारने विचारलं.

"मातीला रिकाम्या हाताने जाऊ? सख्खा भाचा आहे मी."

"स्टेपनी मागच्या सीटवर ठेवा मग."

"तिथे आपाची गाठोडी आहेत, रजया आहेत, तू तळलेले बोर्सोक आहेत पोतंभर."

"बरं. वाटेत चाक बसलं तर मेंढ्याला फुगवून लावा."

शाइमबेकने मला एक लाथ मारली, बूट उडाला, आणि आम्ही निघालो.

आदल्या दिवशी बर्फ पडून गेला होता आणि आभाळ निवळलं होतं. अशा सकाळी थंडी जास्त बोचते. घाट चढताना माझ्या कडा दर वळणावर दुमडत होत्या. डिकीत मेंढा ओरडत होता आणि मागे बुरुल-आपा बहिणीसाठी रडगाण्याच्या ओळी जुळवत होती. एक ओळ म्हणायची, मोडायची, पुन्हा म्हणायची. मी तेवढं ऐकत राहिलो आणि पळत राहिलो. आजचा दिवस पोहोचव रे बाबा, असं मीच मला सांगत होतो.

माथ्याच्या थोडं अलीकडे खिळा निसटला. सगळी हवा एका दमात गेली. शाइमबेकच्या ध्यानात येईपर्यंत गाडी थोडी पुढे गेली, आणि तेवढ्यात चाकाच्या लोखंडाखाली माझी कूस चेचली गेली. मित्रांनो, त्या कळेबद्दल काही बोलत नाही.

शाइमबेक खाली उतरला, मला पाहिलं आणि सवयीने डिकीकडे धावला. डिकी उघडली. मेंढ्याने त्याच्याकडे पाहिलं. मेंढ्याशिवाय तिथे काही नव्हतं.

फोन काढला तर घाटात तो लागेना.

थोड्याच वेळात मागून एक टॅक्सी आली आणि न सांगता थांबली. आमच्या घाटात अडलेल्याला ओलांडून कुणी जात नाही. टॅक्सीवाल्याने आपली स्टेपनी दाखवली, पण तिला चार भोकं आणि आमच्या चाकाला पाच बोल्ट. आतल्या बायका कोचकोरलाच निघाल्या होत्या. काय झालं ते कळताच त्या सरकू लागल्या.

"या आपा, या! जागा नसली तर मांडीवर घेऊ, पण नेऊ."

बुरुल-आपाने दार उघडलं. एक पाय बर्फावर ठेवला आणि लेकाकडे पाहिलं.

"जाऊ का रे मी?"

आणि इथे, मित्रांनो, शाइमबेकचा मान आडवा आला. मातीला भाच्याने कसं जायचं असतं? गाडीतून उतरताच हंबरडा फोडत तंबूकडे धावायचं, मागून आई, मागून मेंढा. लोक बघतात, आणि ते वर्षानुवर्षं सांगतात.

"तुला परक्याच्या गाडीतून एकटीला उतरवू? मावशीच्या दारात?" तो म्हणाला. "लोक विचारतील, हिचा मुलगा मेला का? बस आत, आपा. एखादा ट्रक येईल, चुटकीसरशी होईल काम."

"अरे, पण दुपार..."

"होईल की."

बुरुल-आपाने पाय आत घेतला. टॅक्सी निघून गेली. मला ओरडता आलं असतं तर मी त्या क्षणी ओरडलो असतो.

नंतर कितीतरी वेळ कुणीच आलं नाही. सूर्य वर चढत गेला. जी एक गाडी आली ती समोरून, नारिनकडे जाणारी; थांबली, पण तिच्याकडेही आमच्या कामाचं काही नव्हतं. शेवटी सीमेकडून माल घेऊन येणारा एक ट्रक धापा टाकत वर आला. त्यातून एसेनगुल नावाचा दाढीवाला गडी उतरला. वयाने थोरला, म्हणून शाइमबेक त्याला बाइके म्हणू लागला.

"स्टेपनी?" एसेनगुलने विचारलं.

"घरी राहिली, बाइके."

"जॅक?"

"तोही."

डिकीतून मेंढा ओरडला. एसेनगुलने तिकडे पाहिलं.

"हा बरा राहिला नाही घरी," तो म्हणाला. मग मागे बसलेल्या म्हातारीचे डोळे त्याला दिसले आणि त्याने थट्टा सोडली.

त्याने मागच्या चाकामागे दगड लावला. बर्फात जॅक रुतू नये म्हणून खाली फळी टाकली. शाइमबेक लगेच गाडी उचलायला लागला तेव्हा त्याचा हात धरला. "आधी बोल्ट सैल कर. चाक जमिनीला टेकलेलं असतानाच. हवेत गेलं की नुसतं गरगर फिरत बसेल." पण बोल्ट गंजून धरले होते. ते कधी काढून पुसलेच नव्हते. पान्याला लोखंडी नळी अडकवली, दोघं तिच्यावर लोंबकळले, डिझेल ओतलं, शिव्या ओतल्या. एकेक बोल्ट किंचाळत सुटला. मला उतरवलं, भोकात चिकट दोरी ठोसली आणि ट्रकच्या ब्रेकच्या टाकीतली हवा नळीने माझ्यात भरली. मी फुगलो. कुशीतल्या तारा तुटल्या होत्या, तरी फुगलो.

"हळू जा," एसेनगुल म्हणाला. "कूस गेलीय त्याची. आज पोहोचवेल, उद्याचं मागू नकोस." शाइमबेक त्याचे हात धरू लागला, तर तो म्हणाला, "जा रे बाबा, म्हातारीला ने."

घाट उतरताना मी जेवढं होतं तेवढं सगळं दिलं. गाव दिसलं. अंगण दिसलं, तंबू दिसला. आणि समोरून पुरुष परत येताना दिसले, हात धुवायला पाण्याकडे चाललेले. काही जणांच्या बुटांना ओली माती लागलेली होती.

थोडं थांबले होते म्हणे. पण हिवाळ्याचा दिवस लहान.

शाइमबेकच्या तोंडातून हंबरडा निघालाच नाही. बुरुल-आपा कुणाचा हात न धरता उतरली, तंबूत गेली आणि रडगाणी म्हणणाऱ्या बायकांसारखी भिंतीकडे तोंड करून बसली. नमद्याच्या आतून मला तिचं गाणं ऐकू आलं. वाटेत मोडून मोडून जुळवलेल्या त्याच ओळी. उशाशी बसून म्हणायच्या होत्या, पण आता तिथे उशी नव्हती.

शाइमबेक मेंढ्याची दोरी धरून उभा होता. एका नातेवाइकाने दोरी हातातून घेतली आणि मेंढा कुंपणाशी नेऊन बांधला. तिथे आधीच मेंढ्यांची रांग होती.

अंधार पडायच्या आधी आपा बाहेर आली आणि गाडीत बसली.

"आपा," शाइमबेक म्हणाला, "मला शिव्या तरी दे."

"शिव्या कशाला देऊ?" ती म्हणाली. "तिचं तोंड कसं दिसत होतं ते त्या बायकांनी सांगितलं मला. नीट सांगितलं बिचाऱ्यांनी."

त्या रात्री मी कसाबसा घरी पोहोचलो आणि त्यानंतर पुन्हा रस्त्यावर आलो नाही. मित्रांनो, मला आता काही नको. पण तुमच्या गाडीच्या चाकांपाशी निघायच्या आधी एकदा वाका. हवा मोजा, खिळा काढून घ्या, स्टेपनीला तिच्या जागी राहू द्या. आम्ही टायर मोडलेल्या कुशीनेही तुम्हाला पोहोचवतो, पण पलीकडे वाट पाहणाऱ्या माणसाला थांबवून ठेवणं आमच्या हातात नसतं.