तिसऱ्या नमुन्याची चाचणी

“फुंकर मारायची नाही हं,” शरच्चंद्रराव म्हणाले. “फुंकर मारलीस की चाचणी फुकट.”

दौलतने मान डोलावली आणि वाफाळता चहा तसाच ओठांना लावला. ओठ पोळले, पण पेला धरलेल्या बोटांना काही जाणवलं नाही. त्याने वहीत लिहिलं: नमुना तिसरा. दहा मिनिटं. ओठ भाजतो, हात भाजत नाही.

परळच्या त्या गिरणीत चहा गार होणं हे रोजचं दुखणं होतं. कापड विणायचे साचे चालू असताना विणकराला जागा सोडता येत नाही, आणि कँटीनमधून चहा तिथवर पोचेपर्यंत त्यावर साय धरलेली असे. म्हणून दोन पत्र्यांमध्ये पोकळी असलेले नवे पेले घ्यायचे ठरले होते, एकदम सहाशे. तीन व्यापाऱ्यांनी चार-चार नमुने धाडले होते. कँटीनचे मॅनेजर शरच्चंद्रराव गिरगावचे, मोठे काटेकोर गृहस्थ. रंगखात्यातून थर्मामीटर मागवता आला असता, पण ओठांना काय वाटतं ते काचेच्या नळीला कुठून कळणार, असं त्यांचं मत होतं. म्हणून ओठ हवे होते. स्वतःचे सोडून कुणाचेही चालले असते.

दौलत तांबे बदली कामगार होता. सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर झाडलोट मिळायची, नाहीतर वरळीला बीडीडी चाळीत परत. सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. शरच्चंद्ररावांनी त्याला शब्द दिला होता, “मन लावून कर. चहा वाढणाऱ्याची कायम जागा निघतेय. ती तुझी.” हे ऐकून त्याच्या बायकोने, बकुळाने, त्या दिवशी शिरा केला आणि मजल्यावरच्या सगळ्यांना वाटून टाकला. जागा मिळण्याआधीच!

तिसऱ्या दिवशी चाचणी साचेखात्यात होती. इतकी वर्षं गिरणीत येऊन दौलतने त्या खात्यात पाऊल टाकलं नव्हतं. तिथे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावं लागे, एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागत, म्हणून त्याच्या जातीच्या माणसाला तिथे काम मिळत नसे. गेल्या वर्षी दौलत आणि बकुळा नागपूरला जाऊन बौद्ध झाले होते. ती बातमी साचेखात्याला कुणी कळवली नसावी.

बारा पेले तबकात घेऊन तो साच्यांच्या मधल्या वाटेत उभा राहिला. दहा मिनिटांनी बारांतून एकेक घोट, वीस मिनिटांनी पुन्हा एकेक. शहाण्या माणसाने हे कोपऱ्यात उरकलं असतं. दौलतला वाटलं, काम आहे, त्यात लपवायचं काय? विणकर साच्यांवरून नजर काढून बघत होते.

“काय रे दवलत, च्या गरम हा?” त्या खात्याचा मुकादम, गणपत जॉबर, जवळ येऊन ओरडला. साच्यांच्या खडखडाटात सगळेच ओरडत.

“वीस मिनिटं झाली तरी गरम! हा तिसरा नमुना. घेऊन बघता का, गणपतराव?”

गणपतने हात पाठीमागे नेले. “नको, नको. आत्ताच झाला माझा.”

त्याच दुपारी फाटकावर संयुक्त महाराष्ट्राची सभा झाली. शरच्चंद्ररावही बोलले. मुंबईसाठी आपण सारे मराठी एका ताटात जेवणारे भाऊ आहोत, असं काहीसं. दौलतने हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या.

आठ दिवसांत तिसऱ्या नमुन्याचे सहाशे पेले आले. दौलत धुतलेला सदरा घालून कँटीनमध्ये गेला.

“निवड अगदी अचूक केलीस,” शरच्चंद्रराव म्हणाले. “वरचे लोक खूश आहेत.”

“मग साहेब, मी कधीपासून येऊ?”

“त्याचं असं झालंय, दौलत, साचेखात्यातून निरोप आला. तुझ्या हातचा चहा ते घेणार नाहीत. मला स्वतःला काही नाही रे, मी असलं मानत नाही. पण ते प्यायचेच थांबले तर कँटीन चालवू कसं? जागा गणपतच्या भाच्याला दिलीय. आणि ते बारा नमुने तू घरी घेऊन जा. व्यापारी आता परत घ्यायचे नाहीत. तुझं तोंड... म्हणजे, वापरलेले आहेत ना ते.”

दौलतला संताप आला. पण संतापापेक्षा लाज अधिक वाटली, आपण त्या टाळ्या एवढ्या जोरात वाजवल्या म्हणून.

“साहेब, एक चाचणी राहिलीय,” तो म्हणाला.

त्याने नमुन्यांतला तिसरा पेला घासून-विसळून घेतला, चुलीवरचा उकळता चहा त्यात ओतला आणि शरच्चंद्ररावांच्या पुढ्यात ठेवला.

“तुम्ही मानत नाही म्हणालात. घ्या.”

शरच्चंद्ररावांनी पेल्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. “ठेव तिथे. जरा निवू दे.”

दौलत वही उघडून समोर उभा राहिला. शरच्चंद्ररावांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. दहा मिनिटं गेली. वीस गेली.

“साहेब, आता ओठाला सोसेल.”

वर्तमानपत्राचं पान उलटलं. अर्धा तास झाला. भटारखान्यातली माणसं दाराशी येऊन बघून गेली. चाळीस मिनिटं झाली तेव्हा शरच्चंद्रराव उठले आणि टोपी डोक्यावर ठेवली.

“उद्यापासून फाटकाशी येऊ नकोस. बदलीच्या यादीतून तुझं नाव काढायला सांगतो,” असं म्हणून ते निघून गेले. आवाज जराही चढला नव्हता.

दौलतने पेल्यावर तळवा धरला. मग खाली बसून नेहमीच्या अक्षरात लिहिलं: नमुना तिसरा. चाळीस मिनिटं. चहा अजून कोमट. साहेबांनी घेतला नाही.

खाली तारीख घातली, आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि वही पेल्याशेजारी उघडी ठेवून तो फाटकाकडे चालू लागला.