निळं घर

शाळेने मला ऊब टिपणारा कॅमेरा दिला आणि मी अख्ख्या गल्लीची डॉक्टरीण झाले! जानेवारीची संध्याकाळ, पेस्ली गावातली जुनी दगडी घरं, आणि पडद्यावर एकेक घर उघडं पडतंय. भिंतीतून ऊब गळते तिथे लाल, नाही तिथे निळं. जे घर सगळ्यात लाल, त्याच्या भिंती ऊब अडावी म्हणून नगरपालिका आतून फुकट मढवून देणार होती. गल्लीतल्या एकाच घराच्या.

ते घर टुलॉककाकांचं असायला हवं होतं. जन्मभर बस चालवली, आता छाती कामातून गेलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी एक हिवाळा गारठ्यात काढलात तर पुढचा दिसायचा नाही.

आणि त्यांचं घर पडद्यावर निळंशार!

"वा, उत्तम घर," नगरपालिकेच्या पेटिग्रूबाई म्हणाल्या.

"अहो बाई, ते हीटरच लावत नाहीत! गळायला आधी ऊब तर हवी ना?"

"मी फोटो बघते मुली, कहाण्या नाही ऐकत."

शेजारच्या मॅक्फीबाई खिदळल्या. घर लाल दिसावं म्हणून त्यांनी सगळे हीटर पेटवून खिडक्या सताड उघड्या टाकल्या होत्या. "टुलॉक, तुझं घर तुझ्यासारखंच रे, जिवंत आहे की गेलंय तेच कळत नाही!"

मी ऐकते होय? पेटिग्रूबाईंना दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला लावलं आणि काकांच्या मागे लागले. "एकच दिवस, काका. घर नुसतं तापवायचं!"

"पोरी, मीटरमध्ये आधी पैसे भरून घेतलेला गॅस पेन्शन येईपर्यंत पुरवायचाय."

"भिंती झाल्या की पुरून उरेल!"

त्यांनी ऐकलं. दुसऱ्या संध्याकाळी घर असं लालभडक झालं की मी भर रस्त्यात नाचले. मॅक्फीबाई फिक्या पडल्या!

पेटिग्रूबाई तपासायला आत आल्या. हातमोजे काढले. मग मफलर.

"काय छान ऊब आहे हो इथे! इतका गॅस जाळणं परवडतं, त्यांना मदत कशाला? मॅक्फीबाईंकडे तर बसवत नव्हतं, इतकं गार."

"पण बाई, त्यांनी खिडक्या..."

काकांनी माझा दंड धरला. "राहू दे. चहा घेणार, बाई?"

बाईंना वेळ नव्हता. त्या मॅक्फीबाईंच्या दाराकडे वळल्या.

स्वयंपाकघरातला, घर तापवणारा बॉयलर गुरगुरला आणि गप्प झाला. गॅस संपला होता. काकांनी कोट अंगात चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणाले, "जा आता घरी. आणि दार पटकन ओढ, आहे तेवढी ऊब तरी राहू दे."